एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर बफेलोत राहतो, इंटर्नशिप सिएटलला केली. न्यूयॉर्कचा रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट? आणि भाड्याचं क्रेडिट (करातली सूट) मिळतं का?

मेनस्ट्रीट_भाडेकरू · ९ मार्च २०२५

नमस्कार मंडळी,

चार दिवस झाले, न्यूयॉर्क राज्याच्या रिटर्नमध्ये एकाच प्रश्नावर अडकून बसलोय. फेडरल, म्हणजे केंद्राचं, झालं आहे. १०४०-एनआर (परदेशी नॉन-रेसिडेंटचा फॉर्म) भरला, विद्यार्थ्याचे दिवस वगळण्याचा ८८४३ जोडला, भारत-अमेरिका कराराच्या कलम २१(२) प्रमाणे १४,६०० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शनही घेतलं. तिथे शंका नाही. अडचण राज्याची आहे.

माझी माहिती अशी. १२ ऑगस्ट २०२३ ला एफ-१ वर बफेलोला आलो, मास्टर्स करतोय. साउथ कॅम्पसजवळ मेन स्ट्रीटला लागून एक जुनं घर आहे, त्यात आम्ही चौघं राहतो. भाडं एकूण १,७०० डॉलर, म्हणजे माझ्या वाट्याला ४२५. लीज बारा महिन्यांची आहे आणि पुढच्या वर्षासाठी वाढवली आहे. २०२४ मध्ये कॅम्पसवर तासाला १६ डॉलरने काम केलं, त्याचे ९,६०० झाले. उन्हाळ्यात बारा आठवडे सिएटलला इंटर्नशिप, तासाला ४५, त्याचे २१,६००. वॉशिंग्टन राज्यात पगारावर कर नाही, त्यामुळे त्या डब्ल्यू-२ वर (पगाराच्या वार्षिक दाखल्यावर) राज्याच्या रकान्यात काहीच नाही. कॅम्पसच्या डब्ल्यू-२ वर न्यूयॉर्कचे १५० डॉलर कापलेले आहेत.

आता गंमत बघा, म्हणजे मला तरी झोप लागत नाहीये. कॉलेजने दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये "नॉन-रेसिडेंट" निवडलं की मला राज्याला साधारण १९२ डॉलर द्यायचे निघतात. "रेसिडेंट" निवडलं की आकडा ९६१ वर जातो! पण रेसिडेंट निवडल्यावरच भाडेकरूंच्या क्रेडिटचं पान उघडतं, नॉन-रेसिडेंटला ते दिसतच नाही.

माझा रूममेट म्हणतो, "सोपं आहे, आयटी-२०३ हा नॉन-रेसिडेंटचा फॉर्म भर, सिएटलचा पगार सुटेल. आणि भाड्याचं क्रेडिट कागदावर वेगळं पाठव, आयटी-२१४ फॉर्म असतो, ७५ डॉलर येतात. सगळे असंच करतात." एका सिनियरने सांगितलं की एफ-१ वाला पाच वर्षं नॉन-रेसिडेंटच असतो, राज्याचा प्रश्नच येत नाही.

७६९ डॉलरचा फरक माझ्यासाठी थोडा नाही, जवळजवळ दोन महिन्यांचं भाडं आहे. पण खोटं लिहून वाचवायचे नाहीत. बरोबर काय आहे तेवढं सांगा, मी भरेन.

पीएचडी_पाचवं_वर्ष · ९ मार्च

एफ-१ म्हणजे नॉन-रेसिडेंट. सबस्टॅन्शियल प्रेझेन्स टेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहिलास त्या मोजणीत, तुझे दिवस पाच कॅलेंडर वर्षं धरतच नाहीत. शिवाय तू शिकायला आलायस, तात्पुरता आहेस, त्यामुळे तुझं घर "कायमचं" ठरू शकत नाही. माझ्या लॅबमध्ये सगळे आयटी-२०३ भरतात. एका पीडीएफमध्ये स्पष्ट वाचलंय की ठराविक कामासाठी तात्पुरतं घेतलेलं घर धरलं जात नाही. बिनधास्त नॉन-रेसिडेंट भर.

सिरॅक्यूजची_ताई · १० मार्च

वरच्या उत्तराशी मी सहमत नाही. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, पैसे भरून शिकले आहे. जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

आधी एक गाठ सोडवूया. "रेसिडेंट" हा शब्द तीन जागी तीन अर्थांनी वापरतात. व्हिसाच्या भाषेत तू रेसिडेंट नाहीस. फेडरल कराच्या भाषेतही नाहीस, कारण विद्यार्थ्याचे पाच वर्षांचे दिवस मोजणीतून वगळलेले आहेत. पण ती सवलत फक्त फेडरल कायद्यात आहे. न्यूयॉर्क राज्य स्वतःची मोजणी करतं आणि त्यात तुझा व्हिसा कोणता हे विचारतच नाही. फेडरलला १०४०-एनआर भरणारा माणूस न्यूयॉर्कमध्ये पूर्ण वर्षाचा रेसिडेंट असू शकतो, आणि त्याला आयटी-२०१, म्हणजे रेसिडेंटचा फॉर्म, भरावा लागतो.

न्यूयॉर्क दोन गोष्टी बघतं. पहिली डोमिसाइल, म्हणजे तुझं मूळ, कायमचं घर. ते तुझं भारतात आहे, त्यावर वाद नाही. पण तेवढ्यावर सुटका होत नाही, कारण दुसरा रस्ता आहे: स्टॅट्युटरी रेसिडेंट, म्हणजे कायद्याच्या मोजणीने ठरणारा. वर्षातला बहुतेक काळ तुझ्याकडे न्यूयॉर्कमध्ये राहायची पक्की जागा असेल, आणि तू त्या वर्षात १८४ किंवा जास्त दिवस राज्यात असशील, तर तू रेसिडेंट. डोमिसाइल कुठेही असो. "बहुतेक काळ" म्हणजे दहा महिन्यांहून जास्त. २०२२ पासून तसं आहे, त्याआधी अकरा धरायचे. भाड्याची खोलीही यात येते, मालकीच असायला हवी असं नाही.

आता त्या पीडीएफबद्दल. "ठराविक कामासाठी तात्पुरतं राहणं" ही सूट न्यूयॉर्कच्या नियमांत खरोखर होती. २००८ च्या शेवटी ती काढून टाकली. पण जुने कागद अजून फिरतात, आणि एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये सिनियरच्या तोंडून जातात. मी सुद्धा तेच ऐकलं होतं.

माझी गोष्ट सांगते. २०१९ मध्ये मी सिरॅक्यूजला मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. खोलीचं भाडं ३९०, लीज वर्षभराची. उन्हाळ्यात टेक्सासला इंटर्नशिप. तिथेही पगारावर राज्याचा कर नाही. सिनियरने सांगितलं तसं मी आयटी-२०३ भरला, टेक्सासचा पगार न्यूयॉर्कच्या रकान्यात घेतला नाही. आणि दुसरीकडे, दुसऱ्या मैत्रिणीचं ऐकून, भाड्यासाठी आयटी-२१४ पण पाठवला. त्यात उत्पन्न लिहिताना फक्त कॅम्पसचे पैसे लिहिले, कारण "न्यूयॉर्कचा फॉर्म आहे, न्यूयॉर्कचं उत्पन्न" असं मला वाटलं. साठ-पासष्ट डॉलर आले. त्यातून मी किराण्याच्या पिशव्या भरून आणल्या होत्या, अजून आठवतं.

दोन वर्षांनी राज्याकडून पत्र आलं. तोवर मी नोकरीला लागले होते, पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत आलं. त्यात मला कुणी ओरडलं नव्हतं. फक्त विचारलं होतं की एका कागदावर तुम्ही वर्षभर रेसिडेंट असल्याचं सही करून सांगता, दुसऱ्या कागदावर नॉन-रेसिडेंट असल्याचं. यातलं खरं काय? लीज द्या, प्रवासाची तिकिटं द्या, सगळे डब्ल्यू-२ द्या. मी एक संध्याकाळभर ते पत्र हातात घेऊन बसले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण दोन्ही कागदांवर सही माझीच होती.

शेवटी मी रेसिडेंट ठरले, आणि खरंच होते. टेक्सासच्या पगारावरचा कर, परत केलेलं क्रेडिट, व्याज आणि दंड धरून आठशे डॉलरच्या घरात गेलं. पैशांपेक्षा सहीचं जास्त लागलं मनाला.

म्हणून तुला कळकळीने सांगते. राहण्याचा प्रश्न वर्षाला एकदाच सोडवायचा असतो. भाड्याचं क्रेडिट घ्यायला इथला आणि पगाराचा कर द्यायला बाहेरचा, असं होत नाही. आधी दिवस मोज, लीज बघ, त्यातून जे उत्तर येईल ते सगळ्या फॉर्मवर एकच लिही.

आता तू मला दोन गोष्टी सांग: राज्याबाहेर नेमके किती दिवस होतास, आणि सिएटलला असताना बफेलोची खोली कुणाला भाड्याने दिली होतीस का?

मेनस्ट्रीट_भाडेकरू · १० मार्च

ताई, मनापासून आभार. सहीबद्दल लिहिलंत ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि कॅलेंडर घेऊन बसलो.

२५ मे ला बफेलोहून निघालो, १८ ऑगस्टला परत आलो. डिसेंबरात १४ तारखेला न्यूयॉर्क शहरातल्या जेएफके विमानतळाहून भारतात गेलो, वर्षअखेर तिकडेच होतो. बाकी मध्ये कुठे गेलो नाही.

खोली कुणाला दिली नाही. सामान तिथेच होतं, सायकल, प्रेशर कुकर, पुस्तकं, थंडीचे सगळे कपडे. जुलैत एका मित्राचा भाऊ दहा दिवस राहिला, त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. भाडं मी तिन्ही महिने भरलं.

सिरॅक्यूजची_ताई · ११ मार्च

तर मग मोजूया. राज्यात दिवसाचा थोडा भाग घालवला तरी तो न्यूयॉर्कचा दिवस धरतात, त्यामुळे निघण्याचे आणि परतण्याचे दिवस इकडेच. २६ मे ते १७ ऑगस्ट म्हणजे ८४ दिवस. १५ ते ३१ डिसेंबर म्हणजे १७. एकूण १०१ दिवस बाहेर. २०२४ लीप वर्ष होतं, ३६६ मधून १०१ गेले, उरले २६५. हवे होते १८४. खोली बाराही महिने तुझ्या ताब्यात. म्हणजे २०२४ साठी तू न्यूयॉर्कचा स्टॅट्युटरी रेसिडेंट आहेस, आयटी-२०१.

आणि आधीचं वर्ष? २०२३ मध्ये १२ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत १४२ दिवस होतात, घरही साडेचारच महिने. त्या वर्षी तू नॉन-रेसिडेंट होतास, आयटी-२०३ बरोबरच होता. तो सुधारायला जाऊ नकोस. दर वर्षाचा हिशेब स्वतंत्र असतो, गेल्या वर्षी काय होतास यावर यंदाचं ठरत नाही.

खोलीचं मी मुद्दाम विचारलं. उन्हाळ्याचे तीन महिने तू ती रीतसर दुसऱ्याला दिली असतीस, त्याचं सामान, त्याची किल्ली, तुला जायची सोय नाही, तर "जागा माझ्याकडे दहा महिन्यांहून जास्त होती का" हा खरा प्रश्न उभा राहिला असता. गाएड नावाच्या एका खटल्यात २०१४ साली न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने, म्हणजे राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयाने, म्हटलं की जागेचा खर्च तुम्ही करता एवढं पुरेसं नाही, राहण्यासाठी ती तुमची असायला हवी. पण तुझ्या बाबतीत सायकल आणि कुकर तिथेच होते. उगाच तो धागा ओढू नकोस.

तुझे आकडेही पाहिले, बरोबर आहेत. ३१,२०० मधून न्यूयॉर्कचं ८,००० चं स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की २३,२००. पहिल्या ८,५०० ला ४ टक्के, ११,७०० पर्यंत ४.५, १३,९०० पर्यंत ५.२५, पुढे ५.५. सुमारे १,१११ होतात. तुझे १५० कापलेले, बाकी ९६१.

नॉन-रेसिडेंटला ३४२ (कापलेले १५० वजा केले की तुझे १९२) कसे निघत होते तेही समजून घे, कारण अनेकांना वाटतं की आयटी-२०३ मध्ये बाहेरचा पगार लिहायचाच नसतो. लिहायचाच असतो. फेडरलच्या रकान्यात सगळं उत्पन्न येतं, त्यावर पूर्ण कर काढतात, आणि मग न्यूयॉर्कच्या उत्पन्नाच्या प्रमाणात तेवढा हिस्सा घेतात. ९,६०० भागिले ३१,२०० म्हणजे ३०.७७ टक्के, १,१११ चे तेवढे ३४२. म्हणजे तिथेही सिएटलच्या पगारामुळे तुझा दर चढलेलाच असतो.

आता ज्या क्रेडिटसाठी एवढं सगळं. आयटी-२१४ ला काय लागतं ते वाच. वर्षभर न्यूयॉर्कचा रेसिडेंट, एकाच घरात किमान सहा महिने, दुसऱ्या कुणाच्या रिटर्नवर डिपेंडंट (अवलंबून असलेला) नसणं, घर मालमत्ता करातून पूर्ण मुक्त नसणं, हीट-गॅस-वीज सोडून सरासरी भाडं महिन्याला ४५० किंवा कमी, आणि घरातलं एकूण उत्पन्न वर्षाला १८,००० किंवा कमी. उत्पन्न म्हणजे सगळं, कुठेही मिळवलेलं. तुझे ३१,२०० आहेत. तुला मिळत नाही. मिळालं असतं तरी ६५ पेक्षा कमी वयाला जास्तीत जास्त ७५ डॉलर. रूममेटने सांगितलेले ७५ ते हेच, पण ती कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला ती मिळत नाही.

मला या मर्यादांचं वाईट वाटतं. साडेचारशेत आज बफेलो-सिरॅक्यूजमध्ये वाटून घेतलेली खोलीच तेवढी मिळते. ज्याचं भाडं खरोखर अंगावर येतं, तो आधीच यातून बाहेर पडलेला असतो. पण नियम आहे तो असा आहे.

एक शेवटचं, कराशी संबंधित नसलेलं वाटेल पण बघच. सिएटलच्या डब्ल्यू-२ मध्ये ४ आणि ६ नंबरच्या चौकटीत काही आकडे आहेत का? एफ-१ वर फेडरल नॉन-रेसिडेंट असताना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापायचे नसतात.

बिंगहॅम्टन_ज्युनियर · ११ मार्च

ताई, मी बॅचलर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मी पण गेल्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातच होतो आणि माझी पण बारा महिन्यांची लीज आहे. म्हणजे मला पण आयटी-२०१? मी आयटी-२०३ भरून बसलोय, आता पोटात गोळा आलाय.

सिरॅक्यूजची_ताई · ११ मार्च

नाही रे, तू घाबरू नकोस. तुझ्यासाठी नियमातच वेगळी ओळ आहे. पूर्णवेळ पदवीचं, म्हणजे बॅचलर्सचं शिक्षण घेणारा विद्यार्थी शिकत असताना ज्या घरात राहतो, ते घर "राहायची पक्की जागा" म्हणून धरतच नाहीत. मग दिवस कितीही भरले तरी तू स्टॅट्युटरी रेसिडेंट होत नाहीस. तुझा आयटी-२०३ बरोबर आहे, फक्त फेडरलच्या रकान्यात वॉशिंग्टनचा पगार आहे ना तेवढं बघ. आणि आयटी-२१४ च्या वाटेला जाऊ नकोस, तो रेसिडेंटसाठी आहे.

ही ओळ मास्टर्स आणि पीएचडीला लागू नाही. तू उद्या इथेच मास्टर्सला गेलास तर त्या वर्षापासून हिशेब बदलेल, लक्षात ठेव.

पीएचडी_पाचवं_वर्ष · १२ मार्च

वर मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. ताईंनी सांगितल्यावर राज्याच्या सूचना उघडून वाचल्या, बॅचलर्सची सूट आहे, आमची नाही. मी स्वतः कधी राज्याबाहेर पगार घेतला नाही, सगळा स्टायपेंड न्यूयॉर्कचाच, त्यामुळे दोन्ही फॉर्मवर कर जवळपास सारखाच आला असता आणि चूक कधी समोर आलीच नाही. लॅबमधल्या दोघांनी मात्र कॅलिफोर्निया आणि टेक्सासला इंटर्नशिप केली होती. त्यांना आज सांगतो. सुधारित रिटर्न स्वतःहून भरणं पत्र येण्याआधी बरं.

भाडेकरू, तुला चुकीचा सल्ला दिला, माफ कर.

सॅनहोजे_निरंजन · १२ मार्च

त्या कॅलिफोर्नियावाल्याला एक वेगळी गोष्ट लागू होईल, म्हणून लिहितो. कॅलिफोर्नियात काम केलेल्या पगारावर कॅलिफोर्निया कर घेतं, तुम्ही कुठले का असेना. नॉन-रेसिडेंटला ५४०-एनआर भरावा लागतो. न्यूयॉर्कचा रेसिडेंट असाल तर तोच पगार न्यूयॉर्कलाही दाखवायचा आणि कॅलिफोर्नियाला भरलेल्या कराचं क्रेडिट न्यूयॉर्कमध्ये घ्यायचं. सिएटल-टेक्सासवाल्यांकडे तिकडे भरलेला करच नसतो, म्हणून त्यांना न्यूयॉर्कचा पूर्ण बसतो.

आणि कॅलिफोर्निया फेडरल करार मानत नाही. कलम २१(२) चं डिडक्शन फेडरलला चालतं, इथे कॅलिफोर्नियाचं स्वतःचं, २०२४ साठी एकट्याला ५,५४०.

भाडेकरूचं क्रेडिट आमच्याकडेही आहे: एकट्याला ६० डॉलर, जोडप्याला १२०. कॅलिफोर्नियाचा रेसिडेंट हवा, किमान अर्धं वर्ष भाडं भरलेलं हवं, २०२४ साठी एकट्याचं उत्पन्न ५२,४२१ च्या आत हवं. ते फक्त करातून वजा होतं, कर शून्य असेल तर हातात काही येत नाही. माझी दोन वर्षं विद्यापीठाच्या मालकीच्या अपार्टमेंटमध्ये गेली, त्यावर मालमत्ता कर नाही, म्हणून एकदाही मिळालं नाही. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: भाडं तुम्ही कितीही भरा, ज्या इमारतीवर मालमत्ता करच नाही तिच्या भाडेकरूला ही क्रेडिट्स मिळत नाहीत. कारण साधं आहे, घरमालक भाड्यातून जो मालमत्ता कर वसूल करतो त्यातलं थोडं परत द्यायचं, हीच कल्पना.

चार्ल्सकाठची_मुक्ता · १३ मार्च

बॉस्टनकडचं थोडक्यात. इथे क्रेडिट नाही, डिडक्शन आहे, म्हणजे करातून नाही तर उत्पन्नातून वजावट: वर्षभरात भरलेल्या भाड्याच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ४,००० डॉलर. २०२३ पासून ४,००० झाली, आधी ३,००० होती. कर ५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २०० डॉलर वाचतात. घर मॅसॅच्युसेट्समधलं आणि तुमचं मुख्य राहतं घर असलं पाहिजे. मी रेसिडेंट म्हणून फॉर्म १ भरला तेव्हा शेड्यूल एचसी पण भरावं लागलं, वर्षभर आरोग्य विमा होता का हे दाखवायला. भाड्याचे दोनशे घ्यायचे तर रेसिडेंटची बाकीची कामंही आलीच.

न्यूयॉर्क शहरात राहणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: माझी बहीण क्वीन्सला राहते, मास्टर्स करते. ती राज्याबरोबर शहराचीही रेसिडेंट ठरली. शहराचा कर वेगळा, ३.०७८ टक्क्यांपासून सुरू होतो. त्या बदल्यात शहराचं स्कूल टॅक्स क्रेडिट मिळालं, ६३ डॉलर. ते भाड्यावर अवलंबून नाही, शहरात राहण्यावर आहे, आणि पुष्कळ मुलं ते घ्यायचं विसरतात. तिच्याही डोक्यात "क्रेडिट मिळतंय म्हणजे रेसिडेंट होणं फायद्याचं" असं होतं. हिशेब मांडल्यावर उलटं निघालं, पण जे होतं तेच भरलं.

मेनस्ट्रीट_भाडेकरू · १६ मार्च

ताई, ४ नंबरच्या चौकटीत १,३३९.२० आणि ६ मध्ये ३१३.२०! दोन्ही मिळून १,६५२ च्या वर. मी ते कधी बघितलंच नव्हतं, वाटलं सगळ्यांचं कापतात. काय करायचं आता?

सिरॅक्यूजची_ताई · १६ मार्च

आधी कंपनीच्या पेरोलला लिही. शांतपणे, आय-२० (कॉलेजचं प्रवेशपत्र), त्यातलं सीपीटीचं म्हणजे इंटर्नशिपच्या परवानगीचं पान, व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेत आल्या-गेल्याची नोंद) जोडून. चूक त्यांनी दुरुस्त केली तर पैसे ते परत देतात आणि सुधारित डब्ल्यू-२ देतात. नाहीच जमलं तर त्यांचा नकार लेखी घे आणि आयआरएसला, म्हणजे केंद्रीय कर खात्याला, परताव्यासाठी फॉर्म ८४३, सोबत ८३१६ पाठव. वेळ लागतो, पण पैसे तुझेच आहेत. तुझ्या न्यूयॉर्कच्या रिटर्नशी याचा संबंध नाही, ते थांबवू नकोस. १५ एप्रिलच्या आत भर. ९६१ एकदम जड जात असतील तर रिटर्न वेळेवर भर, जमतील तेवढे दे आणि बाकीसाठी राज्याकडे हप्ते मागता येतात. रिटर्न उशिरा भरण्याचा दंड वेगळा लागतो, तो तरी टळेल.

आणि दिवसांचा हिशेब एका कागदावर लिहून ठेव. बोर्डिंग पास, सिएटलच्या भाड्याच्या पावत्या, बफेलोची लीज, आय-९४ ची ये-जा सगळं एका फोल्डरमध्ये. मी ठेवलं नव्हतं, पत्र आल्यावर जुन्या ईमेलमध्ये तिकिटं शोधत तीन रात्री गेल्या.

मेनस्ट्रीट_भाडेकरू · २९ मार्च

मंडळी, काल रात्री आयटी-२०१ भरला. आयटी-२१४ नाही पाठवला. ९६१ डॉलर बँकेतून गेले, त्यासाठी स्प्रिंग ब्रेकला न्यूयॉर्क शहरात जायचं रद्द केलं. कंपनीच्या पेरोलने उत्तर दिलं आहे, कागद मिळाले, तपासून दुरुस्ती करू म्हणतात.

माझ्या रूममेटने गेल्या वर्षी पूर्ण वर्ष इथे राहून आयटी-२०३ आणि आयटी-२१४ दोन्ही भरले होते. त्याला हा धागा वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने स्वतःच लीज काढली. तो राज्याबाहेर कुठेच कामाला गेला नव्हता, उत्पन्न दहा हजारांच्या आत आहे, म्हणजे क्रेडिट त्याला कदाचित खरंच लागू होतं, चुकला तो फक्त आयटी-२०३ मध्ये. ताई, एक शंका त्याच्याकडून: लीजवर आम्हा चौघांची नावं एकत्र आहेत आणि पूर्ण घराचं भाडं १,७०० आहे. सुधारित रिटर्न पाठवताना भाड्याच्या पुराव्यासाठी लीजबरोबर त्याने घरमालकाला केलेल्या ४२५ च्या बँक नोंदीही जोडाव्यात ना?

सिरॅक्यूजची_ताई · ३० मार्च

नोंदी बाराही महिन्यांच्या जपून ठेवायला सांग, मागितल्या तर द्यायच्या. पण चौघांची एक लीज असेल तर साडेचारशेची मर्यादा कशी लावायची हे इथे विचारून ठरवू नका. फॉर्मच्या सूचनांमध्ये घरातले सदस्य कोण धरायचे आणि भाडं कुणाचं मोजायचं हे दिलंय, ते त्याने ओळ न ओळ वाचावं, आणि तुमच्या कॅम्पसवर करमदतीचे मोफत वर्ग असतील तर लीज घेऊन जावं. पहिलं काम मात्र आयटी-२०१ चं सुधारित रिटर्न. ते या आठवड्यात पाठवा.